भिंगरीच्या मागे

मुंबईत थंडी आली हे मला कुत्र्यांकडून कळतं. माणसं अजून पंखा लावून झोपत असतात, आणि परळच्या आमच्या गल्लीतली कुत्री सकाळी नुकत्याच येऊन थांबलेल्या टॅक्सीच्या गरम बॉनेटवर चढून बसलेली दिसतात. जी खाली झोपतात ती नाक शेपटीखाली खुपसून चुंबळीसारखी गोल होतात. माझ्याकडे लोक कुत्री सांभाळायला ठेवतात. एखाद्या सकाळी त्यांच्या पाठीवरून हात फिरवताना केस दाट लागतात आणि मी मनाशी म्हणतो, आले ते दिवस. थंडी म्हणजे कुत्र्यांच्या प्रदर्शनांचे, शर्यतींचे दिवस. लोक वर्षभर या दिवसांची वाट बघतात. मला मात्र हे दिवस कधी एकदा सरतात असं होऊन जातं. चाळीस वर्षं झाली, अजून तसंच.

यंदा थंडीबरोबर नेहा आली. करी रोडच्या टॉवरमध्ये राहते, कसल्या तरी कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. तिचा आधीचा म्हातारा कुत्रा शेवटपर्यंत मीच फिरवला, त्यामुळे मला काका म्हणते. तिला आता अजिलिटीत उतरायचंय. म्हणजे अडथळ्यांची शर्यत. कुत्र्यानं उड्या मारायच्या, बोगद्यातून जायचं, रोवलेल्या काठ्यांमधून नागमोडी पळायचं, आणि माणसानं बाजूनं धावत त्याला वाट दाखवायची.

"काका, एक बॉर्डर कॉलीचं पिल्लू आहे," ती म्हणाली. "आईबाप दोघंही चॅम्पियन. आणि शेल्टरमध्ये एक आहे, वर्षाची, रस्त्यावरून उचललेली. काका, अशी उडते ना ती, वेडी आहे! पण दोन नाही ठेवता येणार, आई मलाच घराबाहेर काढेल. पिल्लूवाल्याला रविवारपर्यंत सांगायचंय. कुठली घेऊ?"

"बघू," म्हटलं.

"बघू काय? तुमचं आख्खं आयुष्य यात गेलं ना?"

गेलं खरं. म्हणूनच तर बोलवेना. सातवीत शाळा सुटलेला माणूस मी, कोणी काही विचारलं की आधी दुसरीकडे बघतो. आणि ही तर मला असं विचारत होती, की जणू माझ्याकडे उत्तर तयार असणार.

मी तेव्हा गिरणी कामगार. आमच्या संपाचं पहिलं वर्ष उलटून गेल्यावरची ती थंडी. लालबाग-परळचं आकाश इतकं स्वच्छ मी आधी कधी पाहिलं नव्हतं. चिमण्यांतून धूर नाही, नाकात सुताचा तो धुरकट वास नाही. बायका म्हणायच्या, वाळत घातलेले कपडे पांढरे राहतात आता. आणि म्हणून झाल्यावर बंद चिमण्यांकडे बघायच्या. खानावळींच्या दारातल्या चपला कमी झाल्या होत्या. नाक्यावर माणसं उन्हात उभी राहायची, हात बगलेत, नजर कुठेच नाही. कामाची सवय लागलेल्या माणसाला नुसतं उभं राहता येत नाही, तो सारखा एका पायावरून दुसऱ्या पायावर जातो. गिरणगावातले सगळे रस्ते त्या थंडीत असे पाय बदलत उभे होते.

डिलाईल रोडच्या चाळीत आमच्या गावाची एक खोली होती. देवगडकडच्या आमच्या गावातून जो येईल तो त्या खोलीत. एका पाळीची माणसं कामावर गेली की दुसऱ्या पाळीची त्यांच्याच जागेवर वळकटी पसरायची. जागा म्हणजे भिंतीला लागून एक ट्रंक आणि ट्रंकेपुढं अंग टाकण्यापुरती फरशी. संपात अर्धी खोली गावाला गेली. उरलेल्यांना पहिल्यांदा हातपाय पसरून झोपता आलं, आणि झोप कोणाला लागत नव्हती.

खोलीचे कारभारी तात्या. माझ्या वडिलांच्या वयाचे, साचेखात्यातले म्हणजे मागावर कापड विणणारे, आवाज कधी चढत नसे. संप लागला तेव्हाच त्यांनी सगळ्यांना बसवून नियम सांगितला होता. "संप सुटासर कोणी फाटकार जावचा नाय. जो फाटकार दिसलो तो आत गेलो. त्याची ट्रंक भायर." कोणी विचारलं नाही की सहज गेलो असलो तर? सहज फाटकावर कोण जातं! काही गिरण्यांनी थोडी माणसं गोळा करून एखादं खातं चालू केलं होतं. संप मोडल्याचं दाखवायला ते सकाळच्या पाळीचा भोंगा मात्र पहिल्यासारखा मोठ्यानं वाजवायचे. तो ऐकला की तात्या विडी विझवायचे आणि नवी पेटवायचे.

भिंगरी आमच्या गिरणीच्या फाटकावरची कुत्री. भाकरीच्या सुट्टीचा भोंगा झाला की कुठे असेल तिथून यायची आणि फाटकासमोर बसायची. आम्ही बाहेर पडताना जेवणातला उरलेला तुकडा टाकायचो. रंग तांबूस, एक पाय पांढरा, पाठीवर कायम कापसाचे कण. शेपटीमागे गोल गोल फिरायची म्हणून नाव भिंगरी. संपात फाटक ओस पडलं तशी ती हाडं दिसेपर्यंत वाळली. एका सकाळी मी नाक्यावर उभा होतो, आणि म्युनिसिपालिटीची कुत्री पकडायची गाडी आली. त्या गाडीतून कुत्री परत येत नसत. फासवाला भिंगरीच्या मागे लागला होता. गळ्यात पट्टा असलेलं कुत्रं नेत नाहीत एवढं मला माहीत होतं. मी पँटचा पट्टा काढला आणि तिच्या गळ्यात घातला.

"माझी आहे," म्हटलं.

फासवाल्यानं माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. "दोघं पण उपाशी दिसता," तो हसला आणि पुढे गेला.

चाळीपर्यंत एका हातात पट्टा आणि दुसऱ्या हातात पँट धरून आलो. पोरं मागे ओरडत होती. खोलीत त्या दिवशी किती महिन्यांनी माणसं मोठ्यानं हसली. तात्या म्हणाले, "सखल्या, कुत्रीक कपडे दिलंस, आता तू काय नेसतलंस?" आणि आपल्या ताटातली अर्धी भाकरी तिच्यापुढे टाकली. खोलीत कुत्रं ठेवणारे आम्हीच. पण ती गिरणीतली होती, म्हणजे आमच्यातली. तिचंही काम गेलं होतं.

त्या पट्ट्यामुळेच मला व्हिन्सेंट साहेब भेटले. गिरगावातल्या एका जुन्या लाकडी घरांच्या गल्लीत राहायचे, पिढ्यान्‌पिढ्यांचे मुंबईकर किरिस्तांव. गोदीतल्या ऑफिसातून रिटायर झाल्यावर श्रीमंतांची कुत्री शिकवून द्यायचे. मी काम शोधत गिरगावभर हिंडत होतो, भिंगरी मागे. त्यांनी गॅलरीतून हाक मारली, "काय रे, ही तुझी? दोरी नाही, मारत नाहीस, तरी पायाशी कशी चालते?" मी म्हटलं, ठाऊक नाही. ते म्हणाले, "ठाऊक नाही म्हणतोस ते बरं. माझ्याकडे येणाऱ्या सगळ्यांना सगळं ठाऊक असतं." दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्याकडे. कुत्र्यांना आंघोळ घालायची, फिरवायचं, अंगणात बांबू रोवायचे. सखाराम त्यांना लांब वाटायचं. "मैदानात हाक मारायला नाव छोटं पाहिजे, माणसाचं असो की कुत्र्याचं," म्हणाले, आणि मी सॅम झालो. त्यांच्या पायरीवर बसून खाल्लेल्या पावाची आणि कालवणाची चव अजून जिभेवर आहे. त्या घराच्या उपकारातून मी कधी सुटलो नाही, सुटायचंही नाही.

त्यांच्याकडे वाळकेश्वरच्या एका शेठचा प्रिन्स यायचा. अल्सेशियन. त्याच्या आज्यापणज्यांची नावं कागदावर छापलेली होती. मला स्वतःच्या आज्याच्या पुढचं नाव माहीत नव्हतं. पण प्रिन्सला त्याचा काही गर्व नव्हता हो. शांत, समजूतदार, एकदा सांगितलं की तसंच करणार. उडी मारताना जणू इस्त्रीची घडी उलगडायची. आणि भिंगरी? तिला उडी शिकवावी लागली नाही. खोलीत रांगेनं झोपलेल्या माणसांच्या मधून कोणाला नख न लावता मोरीपर्यंत जायला ती शिकली होती. काठ्यांमधून ती पाण्यासारखी जायची. बोगदा म्हणून ठेवलेल्या डांबराच्या पिंपातून ती बाहेर पडायची तेव्हा वाटायचं, आत गेलीच नव्हती.

त्या थंडीत परळच्या एका मैदानावर कुत्र्यांचं प्रदर्शन होतं आणि शेवटी अडथळ्यांची शर्यत. एका माणसाला एकच कुत्रं. साहेबांचे गुडघे गेलेले, म्हणजे धावणार मी. कोणाला घेऊन, ते त्यांनी माझ्यावर टाकलं.

"बघ सॅम," ते म्हणाले, "प्रिन्स चुकणार नाही. उठून पण दिसणार नाही. भिंगरी एक तर पहिली येईल, नाहीतर मैदानातच दिसणार नाही. हिच्या डोक्यात आधीचं काय आहे, देवाला ठाऊक. प्रिन्सच्या डोक्यात आपण घातलं तेवढंच आहे."

"तुम्ही सांगा ना सायेब."

"मी सांगितलं की तू धावशील, कुत्रं नाही धावणार."

मी खोलीवर विचारलं. विचारायचं कशाला होतं? सगळे उठून बसले. "भिंगरीच!" गावाला जायची भाषा करणारे दोघे होते, मनानं थकलेले, तेही म्हणाले, "शेठच्या कुत्र्यांका दाखव म्हणावा." तात्यांनी तर सकाळी भिंगरीला स्वतः आंघोळ घातली, खोबरेल तेलाचा हात फिरवला. वर्षभरात पहिल्यांदा आमच्यातलं कोणीतरी काहीतरी जिंकणार होतं. सगळे बघायला येणार होते. शर्यतीच्या आदल्या दिवशी निरोप आला, त्याच दिवशी मोर्चा आहे. खोली मोर्चाला गेली. मला तात्या म्हणाले, "तू जा. धाव."

त्या मैदानाच्या कुंपणापलीकडे एक गिरणी आहे हे मला माहीत होतं. कोणाला माहीत नव्हतं? परळात कुंपणापलीकडे गिरणी नसेल असं मैदान कुठे होतं! पण ती आमची गिरणी नव्हती, आणि इतके महिने बहुतेक फाटकं बंदच बघून गिरणी म्हणजे भिंत असंच मनात बसून गेलं होतं.

भिंगरी काय धावली! मी बाजूनं पळत होतो, पण खरं तर तीच मला नेत होती. पहिली उडी, दुसरी, फळी, पिंप. रंगीत छत्र्यांखाली बसलेल्या बायका उभ्या राहिल्या. कोणीतरी इंग्रजीत विचारत होतं, ही कुठली जात? व्हिन्सेंट साहेब टोपी काढून नुसते उभे होते. ती काठ्यांत शिरली, आणि पलीकडे भोंगा झाला. भाकरीच्या सुट्टीचा.

ती काठ्यांच्या मध्येच थांबली. कान टवकारले. माझ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात मला न जुमानणं नव्हतं, उलट ती मला म्हणत होती की चल, ऐकलं नाहीस का? आणि ती सुटली. कुंपणाखालून, रस्त्यावर, गाड्यांमधून. मागोमाग मी. लोक हसत होते, ते मला ऐकू येत होतं. मोटारीखाली जाईल, एवढंच मनात.

ती फाटकासमोर बसली होती. अगदी तशीच, पुढचे पाय जुळवून. ते फाटक आमचं नाही, ती माणसं आमची नाहीत, याचं तिला काय? आतून थोडीशी माणसं बाहेर आली, खाली मान घालून, कोणी बघतंय का ते बघत. त्यांच्यात एक म्हातारा होता. तिला बघून तो थबकला, डब्यातून भाकरीचा तुकडा काढला आणि वाकून तिच्या पुढ्यात ठेवला. मला म्हणाला, "तुझी आहे? इतक्या दिवसांनी फाटकावर कुत्रं बघितलं." त्याचे डोळे भरले होते. मी खाली बसलो, तिच्या गळ्यात हात घातला. सुट्टी संपली, माणसं आत जायला लागली, आणि मी तिला ओढत होतो ते त्यांच्याच घोळक्यात, त्यांच्याच दिशेला तोंड करून. ती उठायला तयार नव्हती. तिच्या हिशेबानं अजून बाकीचे यायचे होते.

संध्याकाळी खोलीवर आलो तर ट्रंक गॅलरीत होती.

शेजारच्या चाळीतल्या एकानं मोर्चातून परत येताना मला पाहिलं होतं. फाटकावर, आत जाणाऱ्यांच्यात. मी दारात उभा राहून सगळं सांगितलं. कुत्री पळाली, भोंगा झाला, मी मागे गेलो. सांगता सांगता मलाच ते खोटं वाटायला लागलं. आतले सगळे फरशीकडे बघत होते.

तात्या म्हणाले, "कुत्रीच्या मागसून फाटकार गेलंस?"

"होय तात्या."

"बरा," ते म्हणाले, आणि दार लोटून घेतलं. आपटलं नाही. लोटलं.

दुसऱ्या दिवशी व्हिन्सेंट साहेब गुडघे दुखत असताना तीन जिने चढून आले. तात्यांनी त्यांना खुर्ची आणवून दिली, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं. "सायबानू, तुमी देवमाणूस," म्हणाले. आणि साहेब खाली उतरल्यावर चाळभर झालं, की बघा, सुटायला साहेब आणला. त्यानंतर सांगायला काही उरलं नाही. मी साहेबांच्या व्हरांड्यात राहायला गेलो, भिंगरी माझ्या पायाशी. शिमग्याला गावाहून कोणाचा निरोप आला नाही. देवाची पालखी माझ्या घरच्यांच्या दारात थांबली, की माझ्यामुळे त्यांना टाळून पुढे गेली, हे मी कोणाला विचारू शकलो नाही.

शर्यत प्रिन्सनंही पुरी केली होती, शेठच्या ड्रायव्हरबरोबर. बक्षीस नाही, चूकही नाही. पुढे त्याचे मागचे पाय लुळे पडले, त्या रक्ताचंच ते दुखणं, आणि शेठनं त्याला साहेबांकडे सोडून दिलं. शेवटची वर्षं तो आणि भिंगरी एकाच गोणपाटावर काढत होते. ती त्याचे कान चाटायची. म्हणून मला कोणी जातीचं चांगलं की रस्त्यावरचं असं विचारलं की मी घाबरतो. एकाला पुढे काय दुखणार ते कागद वाचून सांगता येतं. दुसऱ्याला मागे काय दुखलंय ते सांगणारं कोणी नसतं. एवढाच फरक मला कळला, आणि त्यासाठी माझी एक खोली गेली.

भिंगरी परत कधी काठ्यांतून धावली नाही. मीच धावायला लावलं नाही. गिरगावात भोंगे ऐकू येत नसत, तरी दुपारी ती एकदा दारापाशी जाऊन बसायची, आणि थोड्या वेळानं परत यायची. परत येताना जरा हळू चालायची.

शनिवारी नेहा परत आली. मी तिला एवढंच विचारलं, "समज, ती भर शर्यतीत पळाली. आणि अशा ठिकाणी गेली, की तिच्या मागे गेलीस तर तुझी माणसं तुझ्याशी बोलायची बंद होतील. जाशील मागे?"

ती हसली. मग माझं तोंड बघून हसायची थांबली. "असं कुठे होतं का, काका?"

"समज."

तिनं खरंच विचार केला. ती गुणी मुलगी आहे. "माहीत नाही," म्हणाली.

"मग पिल्लू घे," म्हटलं.

तिला ते लागलं. माझ्याकडून तिला दुसरं काहीतरी ऐकायचं होतं बहुतेक. पण पिल्लू आलंय, गोड आहे, डोळे मिटून घेतं तेव्हा भुवया हलतात. शेल्टरमधली ती अजून तिथेच आहे. मी जातो अधूनमधून, तिला रस्त्यावरून फिरवून आणतो. कुठल्या आवाजाला तिचे कान उभे राहतात ते बघत असतो. प्रेशर कुकरची शिट्टी झाली की ती थांबते. कोणाचं घर, कुठलं स्वयंपाकघर, काय माहीत.

त्या थंडीनंतर मी गावाला गेलो तो वीसेक वर्षांनी. तोवर संप सुटला असं कोणी म्हणालं नव्हतं, आणि संप आहे असंही कोणी म्हणत नव्हतं. गिरण्या पाडायला सुरुवात झाली होती. मला भीती होती की तात्या दारात उभं करणार नाहीत. ते ओटीवर बसले होते, खूप वाळलेले, एका डोळ्यानं दिसत नव्हतं. माझा आवाज ओळखला. "बस," म्हणाले. सुनेला पाणी आणायला सांगितलं. माडाच्या झावळ्यांतून ऊन येत होतं. बराच वेळ आम्ही आंब्याच्या मोहोराबद्दल बोललो, यंदा धरलाय की गळतोय.

मग तेच म्हणाले, "माका तेवाच म्हायत होता."

"काय तात्या?"

"तू आत गेलंस नाय ता. तुज्या प्यांटीर कुत्रीचे केस होते, सगळीकडे. आत जावन इलेल्याच्या अंगार कापूस असता रे. इतकी वर्षां साच्यार काढली, माका कापूस दिसना नाय काय?"

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"मगे कित्याक, तात्या?"

त्यांनी चांगला डोळाही मिटून घेतला. "खोलीत ते दोघे, गावाक जातंव म्हणणारे, मनान फाटकातसून आत जावक निघालेले. तुका सोडलंय असतंय, तर सकाळी ते गेले असते. म्हणतले असते, सखल्याक सोडल्यान, आमका पण सोडीत. कोणाक तरी भायर काढूक होया होता. आणि तू रडतलंस, पण भांडूचं नाय, ह्या माका ठावक होता."

"ते दोघे मगे गेलेच ना?"

"गेले," तात्या म्हणाले. "म्हयन्याभरान."

आत सून भांडी लावत होती. ते काहीतरी शोधत असल्यासारखे चटईवरून हात फिरवत राहिले, आणि मग तो हात माझ्या गुडघ्यावर येऊन थांबला. माझ्या पँटवर मुंबईहून आलेले केस होते, कोणत्यातरी कुत्र्याचे. ते त्यांनी बोटांनी, एक एक करून, वेचायला सुरुवात केली. मी हललो नाही.